मामानं पाहिलं होतं

पुढच्या चाकातली थोडी हवा सोडून तिनं टायरवर अंगठा दाबून पाहिला. अजून जरा कडक वाटला. पुन्हा थोडी हवा सोडली, पुन्हा दाबला. मग ब्रेक तपासले, सीट खाली घेतली, हेल्मेटचा पट्टा काढून परत लावला. खरं तर सायकल कधीचीच तयार होती.

"पुरे आता," मामा म्हणाला. "त्या टायरला गुदगुल्या व्हायला लागल्या असतील."

ती हसली, पण हात पुन्हा हेल्मेटच्या पट्ट्याकडं गेला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला होता, लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता आणि या डोंगराच्या उतारावर सायकलींसाठी कोरलेली प्रत्येक वाट त्याच्या हातची होती. सोप्या वाटांच्या तोंडाशी हिरवी पाटी होती, सगळ्यांत अवघड अशा या वाटेच्या तोंडाशी काळी. सुरुवातीला सुट्या दगडांचा लांब पट्टा, मग ओल्या मुळांचा जिना, कमरेइतका ड्रॉप, म्हणजे एकदम तुटलेली पायरी, उजवीकडचं वळण आणि त्यानंतर ती उडी. टेकऑफचा मातीचा चढ आणि पलीकडचा लँडिंगचा उतार यांच्या मध्ये एका मोटारीची जागा होईल एवढी रिकामी दरी. तिला सायकलवर पहिल्यांदा बसवलं ते मामानंच. तेव्हा पाय पॅडलला पुरत नव्हते म्हणून त्यानं नाव ठेवलं बुटकी. आता ती त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होती, तरी नाव तेच राहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली असताना, ती याच उडीवर तोंडघशी पडली होती. खांदा आणि मनगट मोडलं. डोक्यालाही मार बसला, त्यामुळं वळणापासून पुढचं काहीच तिला आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "माझं काय चुकलं?"

मामा लँडिंगपाशी उभा होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. "ऐन वेळी ब्रेक दाबलास गं," तो म्हणाला होता. "घाबरलीस. होतं असं."

हाडं जुळली. पण ते वाक्य घरात राहायला आलं. संघाच्या निवडीला ती पुन्हा गेली नाही. तिला चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली. तिथं ती लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत विचारायची, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? एक चांगलं स्थळ तिनं नाकारलं तेव्हा आई म्हणाली, "तुझं नेहमीचंच. ऐन वेळी कच खातेस." दुसऱ्या शहरातली नोकरी सोडली तेव्हाही तेच. ती वाद घालत नसे. तिला स्वतःलाही ते पटलं होतं.

मामानं मात्र तिला अंतर दिलं नाही. मनगट प्लॅस्टरमध्ये असताना त्यानं तिला घास भरवले. व्यायामासाठी रोज दवाखान्यात नेलं, आणलं. आणि आता वर्षभर तिच्या मागे लागून, सोप्या वाटांवरून हळूहळू, तिला पुन्हा या काळ्या पाटीपर्यंत आणलं होतं.

"मी लँडिंगवरचा पाला झाडून येतो," खांद्यावर खराटा टाकत मामा म्हणाला. "मग दोघं मिळून जाऊ. मी पुढे, तू माझ्या मागे. माझं चाक सोडायचं नाही."

तो पायवाटेनं खाली गेला आणि थोड्या वेळानं सायकल ढकलत, धापा टाकत दाताचे डॉक्टर वर आले. दर रविवारी येणारे, मामाचे मित्र. समोरच्याचं तोंड उघडं असताना एकट्यानंच बोलायची धंद्यातली सवय त्यांना इथंही सुटत नसे.

"अरे वा, बुटकी! आलीस शेवटी. मला वाटलं होतं, आमच्यावर रुसलीस ती कायमचीच."

"तुमच्यावर कशाला रुसू?"

"तसं कसं? माझाही हात होताच की फावड्याला." त्यांनी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. "तू पडलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा मामा म्हणाला, टेकऑफ जरा उभा करू, उडी उंच जाईल. झालं, अंधार पडेपर्यंत आम्ही माती चढवली. मी म्हटलं, अरे, सकाळी भाची येणार ना तुझी? तर म्हणे, वर जायच्या आधी सांगतो तिला. आणि नेमकं तेच राहून गेलं."

"तू जुन्याच वेगानं आलीस आणि त्या उभ्या मातीनं मागचं चाक वर फेकलं. तुझा काय दोष त्यात? फार रडला गं तो माझ्यापुढं. मीच म्हटलं, जाऊन सरळ सांग तिला. नंतर म्हणाला, सांगितलं सगळं, पोरगी एका शब्दानं काही बोलली नाही." डॉक्टरांनी तिच्या हेल्मेटवर हलकेच टिचकी मारली. "मन मोठं लागतं त्याला. आता घाबरू नकोस हं, टेकऑफ परत पहिल्यासारखा केलाय."

"हो," ती म्हणाली.

डॉक्टर शेजारच्या वाटेनं निघून गेले. तिनं उजव्या हाताचा मोजा काढला आणि बोटांकडं बघत राहिली. दोन वर्षं तिला यातली दोन बोटं ब्रेकवर आवळलेली आठवत होती. नुसती आठवत नव्हती, रात्री झोपेतून दचकून जागी होताना ती खरोखर आवळलेली असायची. वळणानंतरचं दुसरं काही आठवत नव्हतं, तेवढं एक मात्र लख्ख आठवत होतं. तिनं मोजा चढवला, पुन्हा काढला, पुन्हा चढवला.

मामा वर आला तो घामानं निथळत, खुशीत. "गालिचा अंथरलाय तुझ्यासाठी. चल."

"मामा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी नक्की ब्रेक दाबला होता?"

तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"आता कशाला ते उकरून काढतेस?"

"सांग ना. तू होतास समोर."

"दाबला होतास." तो ताठ उभा राहिला आणि त्यानं प्रेमानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच मोडलेल्या खांद्यावर. "दोन्ही बोटं. खालून स्पष्ट दिसत होती मला. पण आज नाही दाबणार तू. मी आहे ना."

दोन्ही बोटं. हे तिनं त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. की त्यानंच तिला सांगितलं होतं? आता ते कळायला मार्ग नव्हता.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

मामा निघाला. दगडांवरून खडखडत गेला, मुळांवरून उतरला, ड्रॉपवरून खाली दिसेनासा झाला. ती त्याच्या मागे गेली नाही. थोड्या वेळानं झाडांच्या वर त्याचं हेल्मेट क्षणभर दिसलं आणि मग खालून हाक आली, "अगं, कुठं राहिलीस? थांब, वर येतो!"

तेवढ्यात तिनं पाय उचलला होता.

दगडांच्या पट्ट्यात पुढचं चाक दोनदा भरकटलं, तिनं ते भरकटू दिलं. मुळं ओली होती. ड्रॉपच्या कडेवर तिनं वजन मागे टाकलं, खाली दणका बसला, मनगटातून कळ गेली आणि विरली. वळणाच्या तिरप्या बांधावर सायकल कलली, सरळ झाली. पुढे टेकऑफ दिसला. साधा, सौम्य चढाचा, पायाखालचा वाटावा असा ओळखीचा. बोटं हँडलभोवती होती. हवेत गेल्यावर कसलाच आवाज नव्हता. खाली तो रिकामा खड्डा सरकत मागे गेला आणि मागचं चाक झाडून ठेवलेल्या मातीवर अलगद टेकलं.

मामा हात पसरून धावत आला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"बघ! म्हटलं नव्हतं मी? ब्रेक दाबला नाहीस आणि झालं! कसं वाटलं? सांग, कसं वाटलं?"

तिनं हेल्मेटची काच वर केली. "तूच सांग. मला कुठं काय आठवतं."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं वर झाडांकडं पाहिलं. डॉक्टरांचा लाल शर्ट शेजारच्या वाटेनं खाली जाताना दिसत होता.

"बुटके—"

त्याच्या खिशातला फोन वाजला. तो बघून त्याला सुटल्यासारखं झालं असावं. "ताई आहे. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय तिचा. घे, तूच सांग तिला."

तिनं हात पुढे केला नाही.

"तूच सांग," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांग. फावड्यापासून."

फोन वाजतच राहिला. तिनं सायकल वळवली आणि ढकलत पुन्हा वर निघाली. पाठीमागून मामाचा आवाज आला, "हं, ताई... नाही गं, पडली नाही. छान मारली उडी." मग, "ताई, ऐक ना जरा." पुढचं वाऱ्यात विरलं.

वर पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. मामा लँडिंगवरच खाली बसला होता, फोन कानाशी, मान गुडघ्यांत. तो बोलत होता की ऐकत होता, एवढ्या लांबून कळत नव्हतं. ती पॅडलवर पाय ठेवून बराच वेळ थांबली.

"लँडिंग मोकळं कर!" शेवटी ती ओरडली.

त्यानं मान वर केली. फोन तसाच कानाशी धरून तो उठला आणि बाजूला झाला.