पेट्रोल जागं करणारा वेढा

हेंद्रेपाड्याच्या रिक्षास्टँडवर त्या सकाळी कुणी भाडं घेत नव्हतं. आम्ही सगळे बाळाजीच्या रिक्षाला घेरून उभे होतो. टाकी रिकामी करून सर्वांसमक्ष एकच लिटर पेट्रोल ओतलं होतं आणि त्यावर बाळाजी जांभूळ गावाच्या तीन खेपा मारून, छत्तीस किलोमीटर कापून परतला होता. आमच्या रिक्षा लिटरला पंचवीस द्यायच्या.

ऊर्जानंद महाराज स्टुलावर चढले. गाव विचारलं की हिमालय सांगायचे. मुक्काम मात्र उल्हासनगरच्या लॉजवर.

"पेट्रोलच्या थेंबाथेंबात आळस असतो, बच्चा. ते झोपेतच जळतं. ये तांबा उसको जगाता है. जागं पेट्रोल दुप्पट पळतं."

झोपलेल्या पेट्रोलची दया येऊन लोकांचे हात खिशात गेले. मंतरलेल्या तांब्याच्या तारेचा वेढा काळ्या पिशवीत शिवलेला. तो पेट्रोलच्या नळीला बांधायचा, बाळाजीने बांधला होता तसा. दक्षिणा अकराशे. शिवाय पथ्य : दर सोमवारी टायरची हवा तपासायची, गाडी धक्क्याने उचलायची नाही, चाळिसाच्या वर न्यायची नाही, थांबली की इंजिन बंद. पथ्य मोडलं की वेढा रुसतो.

सुयोगने पहिल्याच दिवशी वेढा बांधला. त्याला रिक्षा शिकवली बाळाजीने, परमिटसाठी धावपळ केली बाळाजीने. दादा म्हणतो म्हणजे खरंच. महिन्यात त्याची गाडी एकोणतिसावर गेली. मग बाळाजीने त्याला बाजूला घेतलं.

"महाराज वेढ्याची बदलापूरची एजन्सी देतायत. पंचवीस हजार. महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवलीय."

सुयोगच्या घरात तेवढ्या मोलाचं एकच होतं : बायकोच्या, तेजलच्या पाटल्या. तेजल सातवीच्या शिकवण्या घ्यायची.

"फायदा वेढ्याचा की पथ्याचा?" तिने विचारलं.

"दोन्हीचा."

"दोन औषधं एकदम घेतली, तर ताप कशाने उतरला ते कसं कळणार?"

"तुला सगळीकडे परीक्षाच दिसते."

"दिसू दे. रोजचं पेट्रोल आणि किलोमीटर लिहून ठेव. महिनाअखेरीला पाटल्या मागायला ये."

सुयोग इमानाने लिहीत राहिला. तीन आठवडे झाले तेव्हा तेजलने त्याच्यासमोर तांब्याची तार ठेवली.

"ही काय?"

"तुझा वेढा. पंधरा दिवसांपूर्वी पिशवी उसवून काढला. आत सुतळी भरलीय. वही बघ, एकोणतीसच पडलेत."

"तू मला पंधरा दिवस फसवलंस?"

"हो. आता उलटं कर. वेढा बांध आणि पथ्य सोड."

चार दिवस त्याने रागारागात गाडी हाणली. खरा वेढा नळीला होता, तरी पंचविसाच्या पुढे आकडा गेला नाही.

पाचव्या दिवशी तो स्टँडवर धावतच आला. स्वतःच्या अकराशेसाठी नाही, बाळाजीसाठी. "दादा, त्याने तुम्हालाही गंडवलंय. थांबा, दाखवतो," म्हणत त्याने बाळाजीच्या नळीवरची पिशवी ओढून फाडली.

आत कापडाच्या चिंध्या होत्या. तांबं नव्हतंच.

सुयोग चिंध्यांकडे बघत राहिला. मागे उभ्या राजरत्नने, आमच्यातल्याच एका रिक्षावाल्याने, तेवढ्यात विचारलं, "बाळाजी, त्या दिवशी जांभूळला मागच्या सीटवर कोण बसलं होतं रे?"

कुणीच नव्हतं. आमचे पंचवीस तीन-तीन पॅसेंजर घेऊन, खड्ड्यात आदळत. त्याचे छत्तीस एकट्याने, टणक टायरवर, संथ.

"तीन वर्षांपूर्वी हेच सांगत होतो," बाळाजी म्हणाला. "हवा बघा, इंजिन बंद करा. पंपावरचा फुकटचा कागद वाचून दाखवला. काय म्हणालात? बाळाजी चिंगूस झाला. अकराशे मोजले तेव्हा कान उघडले तुमचे."

हे मात्र खरं होतं. आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो.

"आणि वेढ्यामागे तुम्हाला किती?" सुयोगने विचारलं.

"तीनशे."

"दादा, माझ्या बायकोच्या पाटल्या कोणत्या कागदात लिहिल्या होत्या?"

बाळाजी खाली वाकून चिंध्या गोळा करू लागला. महाराजांनी त्याच दुपारी लॉज सोडला.

आता हिशेब मी मांडतो. दिवसाला शंभर किलोमीटर धरले, तर या बारीकसारीक सवयींनी अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल वाचतं. मेहनत म्हणाल तर सोमवारी पाच मिनिटं. म्हणजे सवयी खऱ्या, आणि त्या खऱ्या होत्या म्हणूनच खोटं खपलं. असाच चमत्कार तुमच्या दारी आला, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडे लिहा. सांगणारा परका असेल तर लिहाच; जवळचा असेल तर आधी लिहा. परक्याची झडती आपण घेतोच. सुयोग बाळाजीची घ्यायला गेला नव्हता, त्याला वाचवायला गेला होता.