सासूनं लपवलेला ताप

सासूनं सुई टोचली, तेव्हा शू-पेइला सुईपेक्षा तिचा हातच जास्त जाणवला. तव्यासारखा तापला होता.

"आई, हात एवढा गरम कसा?"

"ऊन पाण्यात भांडी विसळत होते. हलू नकोस गं, औषध बाहेर येईल."

चाळिशीला टेकलेल्या शू-पेइला कितीतरी वर्षांच्या उपचारांनंतर दिवस गेले होते. गर्भ टिकावा म्हणून रोज इंजेक्शन घ्यावं लागे. नवरा बोटीवर स्वयंपाकी, महिनोन्महिने समुद्रात. म्हणून सासूच, आ-लुआन, नर्सकडून टोचायला शिकली होती. त्यात यंदा तैवानातल्या त्यांच्या तैनान शहरात घरोघरी डेंग्यू. शू-पेइ दारंखिडक्या लावून बसलेली असे.

तिनं सासूची बाही वर सारली. दंडभर लाल पुरळ.

"कधीपासून अंगावर काढताय?"

"परवापासून. मला भरती केलं असतं, तर तुला सुई कोण टोचणार होतं?"

"अहो, पण तुम्हाला चावलेला डास मला चावला म्हणजे?"

म्हातारी मटकन खाली बसली. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

आ-लुआनला भरती केलं. घरी शू-पेइ मच्छरदाणीत बसून कानाशी काही गुणगुणतंय का ऐकत राही. नर्स येऊन सुई देऊन जाई. आठवडा गेला, काही झालं नाही. आ-लुआन बरी होऊन घरी आली आणि त्याच संध्याकाळी शू-पेइच्या डोळ्यांमागं ठणका लागला.

तपासणीत डेंग्यूच निघाला, तिलाही भरती केलं. रक्तातल्या प्लेटलेट भराभर उतरायला लागल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता इंजेक्शन बंद. टोचलं तिथं आत रक्त साकळेल. त्याऐवजी गोळ्या देते."

"बंद? आणि गर्भ सुटला तर?"

"गोळ्याही तेच काम करतात."

शू-पेइला ते पटेना. एवढी वर्षं सुयांवर भरवसा ठेवलेला. दोन इवल्या गोळ्यांनी पोटातला जीव कसा धरून राहणार?

ताप उतरला. आ-लुआननं आनंदानं माशाची पेज पुढं केली. "खा, सुटलीस!"

"एवढ्यात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ताप उतरल्यावरच जपायचं असतं. कुठं रक्त दिसलं तर लगेच हाक मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात शू-पेइला कपड्यावर लाल डाग दिसला. तिनं आतून दार बडवत नर्सला हाक मारली.

सोनोग्राफीच्या वेळी तिनं डोळे घट्ट मिटले होते. डॉक्टरबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. शेजारी आ-लुआन देवीचं नाव पुटपुटत होती.

"उघडा डोळे. ठोके आहेत."

पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी फडफडत होतं. शू-पेइला हुंदका आला आणि तिनं आ-लुआनचा हात घट्ट धरला.

प्लेटलेट हळूहळू चढल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलगी झाली, धडधाकट. पण तोवर शू-पेइनं धास्तीपोटी बाळासाठी एक झबलंसुद्धा आणलं नव्हतं, आ-लुआनलाही आणू दिलं नव्हतं.