लाल टिंबाचं काडतूस

...टिंब अजून लालच आहे. नोरीननं काडतुसाच्या बुडावर अंगठ्याचं नख हलकेच टेकवलं आणि लगेच काढून घेतलं — उगाच खरवडून निघालं तर? नेलपॉलिश तिचंच, लग्नासाठी घेतलेलं, नंतर तिनं कधी लावलं नाही, आणि ती बाटली संपली ती नवऱ्याच्या, हॉलिसच्या काडतुसांवर. स्वतः भरलेल्या काडतुसांतली मनासारखी जमलेली तेवढी तो टिंब लावून बाजूला ठेवायचा. "हे कायोटसाठी. बाकीची डब्यांवर मारायला," म्हणायचा. आता अशी दोनच उरली होती, आणि हॉलिस मागच्या पानगळीतच गेला होता.

परवा कायोटनं, त्या कोल्ह्यासारख्या जनावरानं, कोकरू नेलं. मेंढ्या विण्याचे दिवस, शेडमध्ये रोज नवी कोकरं, आणि एकदा चटावलेलं जनावर पुन्हा येणारच. म्हणून तिनं हॉलिसचा ताजवा पुसून काढला, बंदुकीच्या दारूचा नवा डबा फोडला. नव्या डब्याचा स्वभाव नवा, म्हणून काही पुंगळ्या त्याच्या मापानं भरल्या, काही किंचित कमी, काही किंचित जास्त — शेवटचे दाणे त्याच्यासारखेच चिमटीनं सोडत. निशाणाच्या कागदावरची भोकं एकमेकांना चिकटली की समजायचं, माप जमलं. एवढं तर तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे उभी राहून कॉफी थंड होऊ दिली होती ती काय उगाच?

पण सकाळपासून कागदावर एक भोक पूर्वेला तर दुसरं पश्चिमेला. आपलाच हात वाईट, असं म्हणून तिनं शेवटी टिंबाचं एक काडतूस घातलं... तेही डावीकडे, पार कडेला गेलं. हॉलिस, तूसुद्धा? म्हणजे ती सगळी ऐटच होती का, आणि मी शेजारणींना सांगत फिरले ती? तिला एकदम त्याच्याशी भांडावंसं वाटलं. भांडायला तरी तो हवा होता.

गवताचे भारे घेऊन पिकअप आली. हॉलिसचा धाकटा भाऊ ड्वेन उतरला, दुर्बीण डोळ्याला लावून हसला.

"काय गं, कागदाला कांजिण्या आल्यात की काय?"

"टिंबाचंही चुकलं, ड्वेन."

त्याचं हसू गेलं. त्यानं रायफल उचलली, नळीचं तोंड हुंगलं.

"नळी घासलीस?"

"अंत्यविधीनंतर. आरशासारखी लख्ख केली."

"अगं माझ्या बाई! कोरी नळी पहिल्या गोळ्या वाटेल तिकडे फेकते. आत जरा काजळी धरली की मग येते वळणावर. तो तुला हात लावू द्यायचा का कधी?"

"नाही."

"मग! मार आता आणखी. गोळ्या फुकट जात नाहीत, नळी शिकतेय."

ती मारत राहिली, आणि डोळ्यांपुढे नळीतून ओढून काढलेल्या त्या चिंध्या येत राहिल्या — काळ्या, मग हिरवट, मग पांढऱ्या, एकेक चुलीत टाकलेल्या. नळी धुण्याच्या औषधाच्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी येतंय असं तेव्हा वाटलं होतं. शेवटची काही माया करावी म्हणून घासत बसले, आणि वर्षानुवर्षं त्याच्या हातून त्या पोलादात बसलेलं सगळं मीच पुसून टाकलं... मीच.

हळूहळू भोकं जवळ आली. जास्तीचं माप पसरलं, कमीचंही पसरलं. त्याच्या मापाची मात्र एकात एक गेली.

"हेच," ड्वेन म्हणाला. "दादाचंच माप. ते राहिलेलं एक ठेव आता आठवणीला."

पण तिनं ते घातलं आणि मारलं. हॉलिस बरोबर होता, एवढंच तिला बघायचं होतं.

"गोळी कुठे गेली, दिसत नाही," दुर्बिणीतून ड्वेन म्हणाला.

दोघं चालत गेली. कागदावर तेच एक फाटकं भोक, फार तर जरा रुंद झालेलं. तिनं त्यात करंगळी घातली. त्याची कड कुठली, आपली कुठली, काही कळेना. आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

ड्वेन भारे उतरवायला गेला. ती रायफल मांडीवर घेऊन बाकावर बसली. नळी अजून कोमट होती. आता आत जी काजळी होती ती बहुतेक तिचीच — पण शेवटची गोळी त्याची, म्हणजे सगळ्यात वरचा थर त्याचा. पुढची गोळी सुटली की त्याच्यावर माझा बसणार. तिनं नळीवर तळहात ठेवला.

शेडमध्ये एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं. टेकडीवर सेजच्या झुडपांत काहीतरी करडं हललं, थांबलं, पुन्हा हललं. नोरीननं आपल्या हातानं भरलेलं, बिनटिंबाचं काडतूस रायफलीत सरकवलं, बोल्ट लावला, गाल लाकडाला टेकवला — त्याचा गाल टेकून जिथे ते गुळगुळीत झालं होतं, तिथेच.

नको येऊस रे, ती मनात त्या जनावराला म्हणाली. आजचा दिवस तरी नको येऊस.