फटफट्याच्या तोंडातलं फूल

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन अनंतराव मळवलीच्या बंगल्यात राहायला आले, ते एक ठाम मत घेऊनच: हा देश बैलांमुळे मागे राहिला. लोणावळ्याचा एक साहेब विलायतेला परतताना बागेतलं जुनं नांगरयंत्र विकून गेला, ते अनंतरावांनी उचललं. दोन चाकं, दोन मुठी, मध्ये पेट्रोलवरचं इंजिन आणि खाली माती उकरणारे दात. गाव त्याला फटफट्या म्हणे. श्रावणात ते एकदा चाललंही, आणि वाफ्याबरोबर त्यांच्या पत्नी इंदिराबाईंची चार गुलाबाची रोपं उकरून गेलं.

बंगल्याची बाग आणि मागचं रान वर्षानुवर्षं हौशीरामच्या बैलांकडे होतं. त्याचं घर त्यावरच चाले. अनंतरावांनी त्याला बोलावून सांगितलं, "दसऱ्याला पाहुण्यांदेखत यंत्र चालवणार. चाललं की तुझे बैल बंद."

"व्हय जी," हौशीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

खंडेनवमीला इंदिराबाईंनी कोयता, कुदळ, पहार यांच्याबरोबर फटफट्याचीही पूजा मांडली. हळदकुंकू लागलं, पण झेंडू काही पत्र्यावर ठरेना. दोनदा घसरला. शेवटी त्यांना इंजिनाच्या कुशीत एक वाकडी नळी दिसली, वर तोंड करून उघडी. त्यांनी फूल तिच्यात नीट दाबून बसवलं. तबक धरून हौशीराम शेजारीच उभा होता. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही आणि वाहिलेलं फूल आपल्या हातानं काढायचं नाही, हे बंगल्यात काय अन् झोपडीत काय, सारखंच.

दसऱ्याच्या सकाळी अनंतरावांनी दोरी ओढली. फटफट्या शिंकलासुद्धा नाही. पन्नास वेळा ओढून त्यांचा खांदा भरून आला, तेव्हा लोणावळ्याहून चिंतामणी फिटरला बोलावणं गेलं. फिटरची सारी हयात वाफेच्या इंजिनांवर गेलेली. आल्या आल्या त्यानं यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ह्याचा बॉयलर कुठाय?"

"बॉयलर नसतो याला," अनंतराव म्हणाले.

"तरीच!" फिटर म्हणाला आणि पाना काढून बसला.

हौशीराम लांब जांभळीखाली उभा होता. नवरात्रभर देवळात कीर्तन चाललं होतं आणि तो बुवांच्या मागे टाळ धरत असे. पोटासाठी खरं गिळलं तर ते पोटातच सडतं, असं बुवा आदल्याच दिवशी सांगून गेले होते. असलं ऐकताना मान डोलवायला काही लागत नाही. आम्ही सगळ्यांनीच डोलवली होती. पण हौशीरामला ते खरंच वाटलं होतं. तो पुढं आला.

"सायेब, त्या नळीत झेंडू हाय. बाईसायबांनी वाह्यलेला. त्यानं त्याचा दम कोंडला आसंल."

फिटर खो खो हसला. "ऐका! बैलवाला इंजिनाची नाडी बघतोय! अरे, ती नुसती हवेची नळी आहे. तिच्यात बिघडण्यासारखं काय असणार?" आणि त्यानं नळी उपसून गवतावर भिरकावली.

"अहो, मीच घातलं होतं हो फूल," इंदिराबाई ओसरीवरून म्हणाल्या.

"तू पुरणाकडे बघ," अनंतराव म्हणाले.

मग फिटरचा पूर्वरंग सुरू झाला. कार्बन, कॉम्प्रेशन, स्पार्क, एकेका शब्दावर निरूपण. दुपारपर्यंत सगळं इंजिन केळीच्या पानांवर वाढून ठेवलं होतं. उत्तररंग काही आला नाही. परत जोडलं तेव्हा तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. "ही जादाचीच असतात," फिटर म्हणाला. शेवटी नळी होती तशी बसवली. दोरी ओढली. फटफट्या ढिम्म.

एवढ्यात फाटकाशी टांगे थांबले. तळेगावचे वकील, मास्तर, डॉक्टर, सगळे कोट-टोप्यांत. अनंतरावांनी दोरी टाकली. ते जांभळीखाली आले आणि हळूच म्हणाले, "हौशीराम, बैल कुठे आहेत रे तुझे?"

पाहुण्यांनी पाहिलं ते असं: पुढे झेंडूच्या माळा घातलेली बैलजोडी, तिला कासऱ्यानं बांधलेला फटफट्या, आणि मागे दोन्ही मुठी घट्ट धरून अनंतराव.

"आवाज नाही येत तो?" वकिलांनी विचारलं.

"हाच तर याचा गुण," अनंतराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

बांधाशी चाक आपटलं, नळी निखळली आणि दबलेलं, पेट्रोलनं भिजलेलं फूल मातीत पडलं. फिटरनं ते पाहिलं. "हे आत्ता बैलाच्या माळेतलं पडलं," तो म्हणाला. इंदिराबाईंनी फूल उचलून डोळ्यांना लावलं आणि तुळशीत ठेवलं.

"उद्यापासून येत जा," अनंतराव हौशीरामला म्हणाले. "पण यंत्राला जुंपून. नुसते बैल मी बागेत येऊ देणार नाही."

"व्हय जी," हौशीराम म्हणाला. "पर सायेब, नांगर बी संगं आणतो. कुनी बगत नसंल तवा माती बी उकराया पायजे न्हवं?"