वळणाच्या अलीकडे

नंदकुमारने मशीनला दोनदा दोरी मारली. तिसऱ्या झटक्याला ते खोकलं आणि सुरू झालं. सव्वीस दिवस गप्प बसलेलं मशीन ते, रुसणारच. होडीच्या पुढच्या फळीवर वनखात्याच्या गार्गी मॅडम जॅकेटचे पट्टे आवळत बसल्या होत्या. धक्क्यावर बाकीच्या चार होड्यांचे मालक हाताची घडी घालून उभे. त्यांतला राजेश होडीची दोरी सोडायच्या निमित्ताने वाकला आणि कानाशी पुटपुटला,

"वळण आलं की मशीन फुल सोड. चुकून एखादा पक्षी असलाच, तर उडून जाईल."

"असायला तर पाहिजे ना! वीस वर्षांत टॉवरच्या अलीकडे एक पीस पडलेलं बघितलं नाही मी."

"हेच आधी बोलला असतास, तर आज ही पाळी आली असती का रे?"

नंदकुमारने होडी वळवली.

चूक त्याचीच होती. मुंबईतल्या नाहूरच्या मागे हायवे ओलांडला की खारफुटी लागते, आणि खारफुटीच्या टोकाला हा धक्का. हिवाळ्यात खाडीत फ्लेमिंगो उतरायचे आणि मासळी कमी झाल्यापासून या पाच होड्या लोकांना ते दाखवायला न्यायच्या. पण पक्षी लांब, विजेच्या टॉवरपलीकडच्या चिखलात. तिथवर जायला अर्धा तास. पोरं कंटाळायची, आया मोबाइल काढायच्या. मग नंदकुमार सुरू व्हायचा.

"मे महिन्यात या हो, मे महिन्यात! धक्क्याला येऊन टेकतात. आमची वनमाला कोळंबी निवडत बसते ना, तिच्या टोपलीत चोच घालतात मेले!"

लोक खदखदून हसायचे. पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन पुन्हा यायचे.

गेल्या वर्षी असेच दोघं आले. तिकीट काढून बसले, म्हणून त्याला गिऱ्हाईकच वाटले. त्यांच्या हातात वही बघून तर नंदकुमार जास्तच रंगात आला. ते पाहणीला आले होते, हे कळलं ते अहवाल हातात पडल्यावर: 'स्थानिक अनुभवी नाखव्याच्या माहितीनुसार पक्ष्यांचा वावर धक्क्यापर्यंत आढळतो.' टोपली तेवढी त्यांनी गाळली होती. आणि संरक्षित पाण्याची हद्द आखली गेली ती टॉवरपासून नाही, थेट धक्क्यापासून. त्या हद्दीत मशीनच्या प्रवासी होड्या बंद. वल्ह्याच्या होडीला मनाई नव्हती. पण बारा माणसं भरून टॉवरपर्यंत वल्हवत नेणार कोण? पाच घरांची चूल त्या एका ओळीने थंड केली.

वनमालाने अहवालाची ती ओळ दोनदा वाचली. "माझी टोपली, आणि तुमची जीभ," एवढंच म्हणाली.

रागाने कुणी त्या पाण्याकडे फिरकलंही नाही. सगळे सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत बसले. शेवटी त्यांनी नोंदवलेल्या हरकतीवर या मॅडम म्हणाल्या, "मला कागद नकोत. मी स्वतः बघते. टॉवरच्या अलीकडे पक्षी नसले, तर हद्द मागे न्यायची शिफारस करीन." पोरगी सरळ वाटली.

भरती निम्मी चढली होती. खारफुटीच्या कडेचा चिखल अजून उघडा होता. मॅडमनी वही काढली, वाऱ्याने पानं उलटली म्हणून त्या मान खाली घालून क्लिप लावत बसल्या. होडी वळणाला लागली.

आणि नंदकुमारला ते दिसले.

एक नाही, दोन नाही. शंभर-दीडशे तरी असतील. वळणाच्या आतल्या चिखलात, टॉवरच्या कितीतरी अलीकडे, माना खाली घालून निवांत चरत होते. सव्वीस दिवस इथे मशीन वाजलं नव्हतं. सव्वीस दिवसांत यांनी घर थाटलं होतं.

मॅडमची मान अजून वहीत होती. मशीनचं हँडल त्याच्या मुठीत होतं. नुसतं मनगट पिरगाळायचं होतं. आवाज झाला की सगळा थवा टॉवरपलीकडे, आणि वहीत काहीच नाही. धक्क्यावर राजेश उभा होता, राजेशची लेक यंदा बारावीला होती.

कडेच्या एका पक्ष्याने मान वर केली.

नंदकुमारने मशीन बंद केलं.

एकदम शांत झालं, म्हणून मॅडमनी वर पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या,

"काका, म्हणजे तुम्ही सांगितलं ते खरंच होतं."

"नव्हतं हो." त्याने हँडलवरचा हात काढला. "थापा मारत होतो मी. गेल्या वर्षी इथे काही नव्हतं, ते लिहा. आज आहे, तेही लिहा."

"मग हद्द..."

"दिसतंय ते लिहा, मॅडम."

त्याने मशीन पाण्याबाहेर उचललं आणि फळीखालचं वल्हं ओढून काढून होडी धक्क्याकडे वळवली. किती दिवसांनी हातात आलं होतं ते. आधी दोन्ही खांदे कुरकुरले, मग हाताला जुनी लय सापडली. भरतीचं पाणी चढत होतं, चिखल बुडत होता, आणि जागा शोधत पक्षीही काठाकाठाने पुढे सरकत होते, होडीच्या मागोमाग, धक्क्याच्या दिशेने.

मशीनचा आवाज नाही म्हणून धक्क्यावरचे चौघं पुढे आले होते. राजेशने तोंडाशी हात धरून लांबूनच हाक मारली,

"नंदूऽ! काय दिसलं रे?"

नंदकुमारने एका हाताने वल्हं धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, गिऱ्हाइकांना गप्प करायला ठेवायचा तसंच.