तिला कुठेही झोप लागते

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. हॉटेलाच्या दरपत्रकात मात्र मला 'एक्स्ट्रा बेड' म्हणतात. मला पाय नाहीत, चौकट नाही, उशाकडची फळी नाही. ज्याच्याजवळ पलंगाचे एकही लक्षण नाही, त्याला पलंग म्हणण्याचे धैर्य केवळ दरपत्रकांतच आढळते.

माझा जन्म जमिनीसाठी झाला नव्हता. एका म्हाताऱ्या गादीवाल्याने उत्तम कापूस पिंजून मला भरले, हाताने टाके घातले आणि तळव्यांनी दाबून पाहत तो म्हणाला, "हिच्यावर पडलेला माणूस उठताना कुरकुर करील." तळ्याकाठच्या या हॉटेलातल्या सर्वांत चांगल्या खोलीत मी कितीतरी वर्षे मानाने राहिले. पाहुणे जाताना माझे नाव काढत. मग फोमच्या गाद्या आल्या आणि मला मधोमध कापण्यात आले. एक अर्धा मालकांच्या कुत्र्याला मिळाला; दुसरा अर्धा मी. कुत्र्याच्या अर्ध्याला निदान रोज ओळखीचा पाहुणा लाभतो.

तेव्हापासून माझा मुक्काम जिन्याखालच्या कपाटात आहे. पाहुण्यांनी विसरलेले ग्रंथही तिथेच येऊन पडतात. त्यांत कुटुंबसंस्थेवरचे पुष्कळ आहेत; पण जमिनीवर आडवे पडून, छताकडे पाहत लिहिलेला त्यांत एकही नाही. असता, तर त्यात एक प्रकरण नक्की सापडले असते: प्रत्येक कुटुंबात एक माणूस असा असतो, की ज्याच्याविषयी बाकीच्यांचे पूर्ण एकमत असते. त्याला कुठेही झोप लागते.

मागच्या हंगामात असेच एक कुटुंब आले. कुटुंबप्रमुख, त्यांची पत्नी, लहान मुलगी, म्हातारी आई आणि थोरली बहीण. ही बहीण दवाखान्यात परिचारिका होती. रात्रपाळ्या करून करून तिच्या डोळ्यांखाली कायमच्या सावल्या बसल्या होत्या, आणि तिला फार दिवसांनी सुट्टी मिळाली होती. तिला तळे नको होते, नौका नको होती. तिला झोपायचे होते.

राहण्याची जागा कुटुंबप्रमुखांनी निवडली होती, आणि ती निवडताना त्यांनी एखादा प्रबंध सिद्ध करावा इतके श्रम घेतले होते. हॉटेल, लॉज, स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर, सगळ्यांची छायाचित्रे त्यांनी तपासली; न्याहारी, बाल्कनी आणि देखावा यांची तुलना केली. कोण कुठे झोपणार, एवढा एकच क्षुल्लक प्रश्न त्या संशोधनातून निसटला. दोन खोल्या घेण्याची सूचना त्यांनी तत्त्वाच्या बळावर फेटाळली होती. तत्त्व असे, की एकत्र राहण्यात मजा असते.

"हे बघा तळं!" ते बाल्कनीत उभे राहून म्हणाले.

"बाबा, कुठेय?"

"अशी मान वाकडी कर. अजून. अजून थोडी..."

"अहो, सरळ होईल ना परत तिची मान?" पत्नीने विचारले.

त्या खोलीचे छायाचित्र काढताना छायाचित्रकार कपाटावर चढून बसला होता. खोली त्याला तिथून प्रशस्त दिसली. कपाटावर राहायला येणाऱ्या कुटुंबाची त्या छायाचित्राने मुळीच फसवणूक केली नसती.

"ते राहू दे. झोपायचं कोणी कुठे?" आजींनी विचारले.

मोठ्या पलंगावर तिघे, छोट्या कॉटवर आजी. उरलेल्या जागेत मला पसरले, तेव्हा न्हाणीघराचे दार अर्धेच उघडू लागले आणि बाल्कनीत जायचे तर माझ्यावर पाय देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

"आणि ताई..." पत्नी चाचरली.

"ताईचं काही नाही गं. तिला कुठेही झोप लागते."

ताई बॅग हातात धरून उभी होती.

झोपलेल्या माणसाचे अंग सैल पडते आणि जड होते. गादीला हे कळते. ताईचे अंग उजाडेपर्यंत हलकेच राहिले. न्हाणीघराच्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल तिच्या पोटरीवर किंवा माझ्या कडेवर पडले, आणि प्रत्येक पाऊल मोठ्या आदबीने "झोप, झोप" म्हणत पुढे गेले.

सकाळी ती खाली जाऊन एक किल्ली घेऊन आली. मागच्या चौकातली खोली. एक खाट, एक खिडकी, देखावा शून्य.

"ताई, हे काय? आपण एकत्र राहायला आलोय ना?"

"एकत्रच आहोत की. फिरू एकत्र, जेवू एकत्र. झोप माझी मी घेईन."

"पण तुला तर कुठेही..."

"कोणी सांगितलं?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इतके सर्वमान्य सत्य, आणि त्याचा मूळ आधार कोणालाच सांगता येईना.

"अगं, खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचीस की तू," आजी म्हणाल्या.

"आई, रात्रभर उभं राहून आलेला माणूस खुर्चीत झोपतो. त्याला दमणं म्हणतात."

ती गेली. दुपारी पलंगावर मुलीच्या लाथा खाऊन वैतागलेल्या कुटुंबप्रमुखांना पत्नी म्हणाली, "खाली गादी मोकळी आहे. खोली तुम्ही निवडलीत, आता उपभोगा."

ते माझ्यावर आडवे झाले. प्रथम न्हाणीघराचे दार त्यांच्या डोक्याला लागले. मग मुलगी बाल्कनीत गेली. मग ती परत आली. मग तिची टोपी बाल्कनीत राहिली.

"अगं, माणूस झोपलाय इथे!"

"कुठे झोपलाय? बोलतोय की," पत्नी म्हणाली.

ते उठून बसले. मग त्यांनी मला स्वतः उचलले, मागच्या सज्ज्याच्या कठड्यावर उन्हात टाकले आणि ते खाली चौकात उतरले. माझ्या पुढ्यातच, खाली, ताईची खोली होती. बंद दाराबाहेर खुर्ची टाकून आजी पहाऱ्याला बसल्या होत्या.

"झोपली आहे," त्या कुजबुजल्या. "हाक मारलीस तर बघ."

कुटुंबप्रमुख पायरीवर बसले. तळ्यावरची नौका त्यांच्यावाचून सुटली. ऊन कलल्यावर दार उघडले. ताईच्या गालावर उशीची घडी उमटली होती.

"काय रे, इथे का बसलास?"

"काही नाही. पुढच्या वेळी... तुला कसली जागा हवी?"

हा प्रश्न तिला सवयीचा नव्हता.

"आतून कडी लागणारी," ती अखेर म्हणाली. "आणि वाटेत नसलेली."

मित्रांनो, गादीला अधूनमधून ऊन दाखवा, तिचे टाके उसवू देऊ नका. आणि सहलीसाठी जागा निवडाल तेव्हा तळे, न्याहारी, झोपाळा सगळे खुशाल पाहा. पण ज्याच्याविषयी तुमचे एकमत आहे, त्याला सर्वांत आधी विचारा. माझी तेवढीच विनंती आहे. ती बहुधा निष्फळ ठरेल. आत्ताच कपाटाचे दार उघडून मला बाहेर काढले आहे. जिन्यावर नवे कुटुंब चढते आहे, आणि कोणीतरी मोठ्या प्रेमाने म्हणते आहे, "छे, मावशीची काळजीच नको! तिला..."