मान्यतेसाठी सादर

संघपाल गजभियेला आयुष्यात एकच गोष्ट धड येत होती, ती म्हणजे टिपणी लिहिणं. दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात त्याने चोवीस वर्षं तेच केलं. त्यामुळे तो शेअर बाजारात उतरला, तेव्हाही आधी कागद घेऊन बसला. कचेरीचा कारभार संगणकावर गेल्यावर हिरवट टिपणी-कागदांचे गठ्ठे रद्दीत निघाले होते. त्यातला एक त्याने आर. के. पुरमच्या क्वार्टरवर आणला. रोज सकाळी बाजार उघडण्याआधी तो लिही : "निफ्टी आज वर जाण्याची चिन्हे आहेत. सबब पंधरा हजार रुपये लावण्याचा प्रस्ताव मान्यतेसाठी सादर." खाली सही, आणि डावीकडे वरिष्ठांसाठी कोरा समास. वरिष्ठ तर कुणी नव्हतंच. मग दोन मिनिटं थांबून तो स्वतःच "मान्य" लिही आणि फोनवर सौदा टाकी.

हसू येईल, पण माणूस एकटा पडला की असलेच चाळे करतो. बायको वैजयंती नागपूरला शाळेत शिक्षिका, मुलगी समता तिच्याजवळ, बारावीला. इथे दोन खोल्यांत हा आणि घरघरणारा फ्रिज. कचेरीत सांगावं, तर तीही सोय नव्हती. सरकारी नोकराने सट्टा खेळू नये, हे परिपत्रक दरवर्षी त्याच्याच टेबलावरून, त्याच्याच सहीने निघायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सप्टेंबरात एका मंगळवारी निफ्टी ऑप्शनच्या सट्ट्यात अठरा हजारांचे तासाभरात ब्याण्णव हजार झाले. तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात कडी लावून उभा होता, कारण रेंज तिथेच बरी यायची. मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. बाहेर आल्यावर शिपायाने विचारलं, "गजभिये साब, तबीयत ठीक है?"

"बिल्कुल," संघपाल म्हणाला.

दुपारी तो कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात गेला आणि एकट्याने गोडाचं ताट मागवलं. वाढपी मराठी होता. "साहेब, आज काही विशेष?"

"मुलीचा वाढदिवस," संघपालने ठोकून दिलं. समताचा वाढदिवस जानेवारीत असतो. पण आपल्या आनंदाला कुणीतरी "अभिनंदन" म्हणावं, एवढीच त्याची भूक होती. वाढप्याने एक श्रीखंडाची वाटी जास्त ठेवली आणि संघपालच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी साडेसातला वैजयंतीचा फोन असायचा. शाळा, समताची चाचणी, नळाची गळती असं सगळं सांगून झालं की शेवटी ती विचारी, "आणखी काही?"

"काही नाही. सगळं ठीक," हा म्हणे. त्या दिवशीही हेच म्हणाला. दोन लाख झाले की एकदमच सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

हाव सुटली की शहाणपण गुंडाळून ठेवायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्याण्णव हजार आले तसे गेले आणि संघपालने अकराव्या पानावर लिहिलं : "समताच्या कॉलेजसाठी राखलेली सहा लाखांची ठेव मोडावी. तीन आठवड्यांत दुप्पट करून पूर्ववत ठेवता येईल. मान्यतेसाठी सादर." त्या ठेवीत निम्म्याहून जास्त पैसा वैजयंतीच्या पगारातला होता, पण ठेव होती याच्या नावावर. त्या दिवशी दोन मिनिटांऐवजी तो अर्धा तास थांबला. मग "मान्य" लिहिलं, पान उलटलं आणि पुन्हा कधी त्या पानाकडे फिरकला नाही.

दिवाळीत मायलेकी आठ दिवस येऊन गेल्या. या टिपण्यांची फाईल त्याने उघड्या फळीवरच ठेवली होती आणि वर ठळक लिहिलं होतं, "संकीर्ण". कचेरीत संकीर्ण म्हणजे किरकोळ कागदांची फाईल वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. घराला हा नियम लागू नसतो, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचे चार महिने सांगण्यासारखे नाहीत. विकून मोकळा झाला की बाजार चढे, धरून बसला की पडे. जेवण दूध-ब्रेडवर आलं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सहा लाखांतले एकतीस हजार उरले, तेव्हा त्याने तेही लावण्याचा प्रस्ताव लिहिला. पण "मान्य" लिहायला हात उठेना. सव्वानऊला बाजार उघडला, दहा वाजले, अकरा वाजले. प्रवेशाचे पैसे जूनमध्ये भरायचे होते. आज वैजयंतीला सांगायचंच, असं त्याने ठरवलं आणि कचेरीत रजा कळवली.

पण फाईलवाला माणूस सारांश काढल्याशिवाय तोंड उघडतो होय! त्याने फाईलची दोरी सोडली आणि पहिल्या पानापासून वाचत सुटला. अकराव्या पानावर ठेवीच्या प्रस्तावासमोर, त्या कोऱ्या समासात, लाल शाईचं वळणदार अक्षर होतं : "पाहिले. बोला माझ्याशी. — वैजयंती." खाली दिवाळीतली तारीख.

तेव्हा ठेवीतले पाच लाख शिल्लक होते.

त्याने फोन लावला. शाळेत मधली सुट्टी होती, पोरांचा गलका ऐकू येत होता. "अहो, या वेळी? बरं आहे ना?"

"वैजू, अकरावं पान..."

ती गलक्यापासून लांब गेली. मग म्हणाली, "आज वाचलंत?"

"आत्ता. तू काही बोलली का नाहीस?"

"रोज विचारत होते की, आणखी काही म्हणून! मला वाटलं, तुम्ही तेव्हाच वाचलंत, आणि तरी रोज काही नाही म्हणता. म्हटलं, यांना माझ्याशी बोलायचंच नाही." तिचा आवाज चिरकला. "चार महिने, अहो. मी कुणाला सांगणार होते? समताला?"

मग तिनेच विचारलं,

"किती उरलेत?"

"एकतीस हजार."

पलीकडे घंटा झाली. "तास आहे माझा," वैजयंती म्हणाली. "साडेसातला तुम्हीच फोन करा. आज मी विचारणार नाही."

फोन बंद झाला. दिल्लीत आपण एकटे आहोत, याचं संघपालने इतके दिवस फार दुःख केलं होतं. नागपुरात आपण आणखी एका माणसाला एकटं पाडून ठेवलंय, हे त्याच्या एकाही टिपणीत आलं नव्हतं. साडेसात वाजायला अजून सात तास होते.